विजेवर गार, गॅसवर गरम : आरव्हीचा फ्रिज काढून टाकण्याआधी

तुमचा प्रश्न मी सावकाश दोनदा वाचला, कारण त्यात फ्रिजपेक्षा वडिलांच्या इन्सुलिनची काळजी जास्त दिसत होती. आधी मला काय समजलं ते सांगतो, म्हणजे चुकत असेन तर तुम्ही दुरुस्त कराल. मार्चमध्ये तुम्ही तेरा वर्षं जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहता येतं अशी गाडी, आरव्ही, घेतलंत. त्यात दोन दारांचा फ्रिज आहे, गॅसवर आणि विजेवर चालणारा. सांगलीहून आईबाबा आले म्हणून मेअखेरीस फीनिक्सहून ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण काठाला, गेलात. निघण्याआधी घरासमोर फ्रिज दोन दिवस विजेवर ठेवला होता आणि तो छान गार झाला होता. वर माथर कँपग्राउंडला वीज नाही, म्हणून गॅसवर टाकलात. पहिल्याच रात्री 'चेक'चा दिवा लागला, दुसऱ्या दिवशी दूध नासलं, डोशाचं पीठ भांड्याबाहेर आलं आणि बाबांचं इन्सुलिनही गरम झालं. परत आल्यावर एका वर्कशॉपने जूनच्या भर दुपारी दोन तास विजेवर लावून पाहिलं. फ्रिज पुरेसा गार झाला नाही, तेव्हा "कूलिंग युनिट गेलंय, फ्रिजच बदला" असं सांगून अडीच हजार डॉलरचा आकडा दिला. बदलावा का, हा तुमचा प्रश्न.

आज तरी बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून कूलिंग युनिट गेलेलं नसण्याचीच शक्यता मला जास्त वाटते, आणि ते एका रात्रीत, जवळजवळ फुकटात तपासता येतं.

मी नाशिकच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, काही वर्षं घरगुती फ्रिज आणि दुकानांचे डीप फ्रीझर दुरुस्त केले, आणि गेली अठरा वर्षं अॅरिझोनात आरव्हीची कामं करतो. इथे आल्यावर पहिल्या वर्षी माझीही तीच चूक झाली जी त्या वर्कशॉपने केली. घरच्या फ्रिजची सवय होती : कॉम्प्रेसर सुरू झाला की पंधरा मिनिटांत फ्रीझरची प्लेट हाताला गार लागते, नाही लागली तर गॅस गळालाय. तोच हिशेब मी आरव्हीच्या फ्रिजला लावला आणि एका वृद्ध जोडप्याला चांगला फ्रिज बदलायला लावला. त्यांच्या गाडीत नवा फ्रिज बसवल्यावर जुना शेडमध्ये सहज रात्रभर वायर जोडून ठेवला होता. सकाळी त्यात बर्फ झाला होता. त्यांना फोन करून खरं सांगितलं आणि मजुरी परत केली. पण फ्रिजचे पैसे त्यांचे गेले ते गेलेच. त्यानंतर कुठल्याही आरव्हीच्या फ्रिजवर एका दिवसात निकाल द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं.

तुमच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नाही, पंखा सोडला तर फिरणारा एकही भाग नाही. हॉटेलच्या खोलीत अजिबात आवाज न करणारा छोटा फ्रिज असतो ना, बहुतेकदा तो याच जातीचा. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना शोधली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. आतून गंज धरू नये म्हणून थोडं सोडियम क्रोमेट. खाली बॉयलरला उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया बाहेर पडून वर चढतो. वरच्या, पत्र्याचे पातळ पंख लावलेल्या नळीत तो निवून द्रव होतो, फ्रीझरमागच्या नळीत उतरतो, आणि तिथे हायड्रोजनच्या सोबतीत अगदी कमी तापमानालाच त्याची वाफ होते. ती वाफ होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. मग खालच्या वळणावळणाच्या नळ्यांत पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं आणि फेरा चालू राहतो. पंप नाही, सगळं वजनाने खाली ओघळणं आणि उष्णतेने वर चढणं.

हे एवढं सांगायचं कारण एकच. बॉयलरला मिळालेली उष्णता गॅसच्या ज्योतीची की विजेच्या एलिमेंटची, हे त्या नळ्यांना कळत नाही. त्यामुळे फ्रिज दोनपैकी एका इंधनावर नीट गार होत असेल, तर नळ्या, म्हणजे कूलिंग युनिट, शाबूत आहे. दोष उष्णता पुरवणाऱ्या बाजूला शोधायचा. तुमचा फ्रिज विजेवर दोन दिवस चांगला चालला, गॅसवर चालला नाही. अशा वेळी कूलिंग युनिट बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

अर्थात मी तुमची गाडी पाहिलेली नाही. फ्रिजचं मॉडेल, फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा प्रकार, गाडी मागच्या मालकाकडे किती वर्षं तिरक्या जागी उभी होती, यावर बरंच अवलंबून असतं. अर्धवट खराब झालेलं युनिट मेमधल्या गार रात्री ठीक वाटतं आणि जूनमध्ये उघडं पडतं, असंही होतं. म्हणून आधी रात्रीची परीक्षा घ्या.

गाडी सपाट जागी उभी करा. सपाट म्हणजे डोळ्यांनी नव्हे : छोटी लेव्हलची पट्टी फ्रीझरच्या तळावर आधी आडवी, मग उभी ठेवून बघा. साधारणपणे बाजूला ३ अंश आणि पुढेमागे ६ अंशांपर्यंतचा कल चालतो, पण आपण परीक्षा घेतोय तर शक्य तितकं शून्याच्या जवळ आणा. फ्रिज रिकामा करा. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून ठेवा, कारण आतल्या हवेचं तापमान दार उघडताक्षणी बदलतं, पाण्याचं बदलत नाही. संध्याकाळी विजेवर लावा, सर्वांत गार सेटिंग ठेवा आणि सकाळपर्यंत, निदान १२ तास, दार उघडू नका. मनाला मुरड घालावी लागेल, पण मधे एकदाही नाही.

सकाळी पाणी ६ अंशांच्या खाली असेल तर युनिट उत्तम आहे, तो अडीच हजारांचा कागद बाजूला ठेवा. ६ ते १० च्या मधे असेल तर युनिट बहुधा ठीक आहे, पण मागून उष्णता बाहेर जात नाही किंवा पुरेशी उष्णता मिळत नाही. काही मोठ्या मॉडेलांत विजेचे दोन एलिमेंट असतात आणि एक जळलं तर फ्रिज असाच अर्धवट चालतो. एलिमेंट मल्टीमीटरने मोजता येतं. वीज काढून, एलिमेंटच्या वायरी सोडवून रेझिस्टन्स बघा. एलिमेंटवर वॅट लिहिलेले असतात. ३२५ वॅटचं असेल तर १२० चा वर्ग भागिले ३२५, म्हणजे सुमारे ४४ ओहम यायला हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर ते तुटलंय.

आणि पाणी खोलीइतकंच कोमट राहिलं असेल, तर बाहेरचं खालचं झाकण उघडून मागच्या वळणावळणाच्या नळ्यांना हात लावून बघा. बॉयलरच्या पत्र्याला मात्र हात लावू नका, भाजेल. बॉयलर रात्रभर तापलाय पण त्या नळ्या गारच आहेत, म्हणजे फेरा तुंबलाय. कुठे पिवळी पूड किंवा पिवळे ओघळ दिसले, किंवा नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर ते युनिट फुटलंय. तिथे वाद नाही. फ्रिज लगेच दोन्ही इंधनांवर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि पुन्हा चालू करून बघू नका. आत हायड्रोजनही असतो, आणि बॉयलरला भेग पडून आग लागण्याच्या धोक्यापायी काही जुन्या मॉडेलांवर रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं, निघालेले आहेत. तुमच्या फ्रिजचा मॉडेल नंबर आतल्या बाजूच्या पट्टीवर असेल. तो एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या, रिकॉल शोधात आजच टाकून बघा. हे परीक्षेच्या आधी केलंत तर जास्त बरं.

माझा अंदाज आहे की तुमचा पेला ६ च्या खाली किंवा आसपास निघेल. तसं धरून आता गॅसकडे येतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

सर्वांत आधी जागा बघा. फीनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर आहे आणि साउथ रिम सुमारे २,१०० मीटरवर. घाट चढत आपण एका दिवसात महाबळेश्वरच्याही पुष्कळ वर जातो, पण रस्ता इतका संथ चढतो की ते जाणवत नाही. ज्योतीला जाणवतं. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ असते. बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या जेटमधून गॅस मात्र जवळजवळ तेवढाच येत राहतो. गॅस जास्त, हवा कमी, म्हणून ज्योत पिवळट, लांब आणि अस्थिर होते. ज्योत आहे की नाही हे ओळखणाऱ्या दांडीला ती नीट 'दिसत' नाही, आणि बोर्ड सुरक्षेसाठी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून 'चेक'चा दिवा लावतो. म्हणूनच बऱ्याच फ्रिजांच्या पुस्तिकेत ५,५०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १,७०० मीटरच्या वर गॅसवर भरवसा ठेवू नका, शक्य असेल तिथे वीज वापरा, असं छापलेलं असतं. सेकंडहँड गाडीसोबत ती पुस्तिका सहसा येत नाही.

पण उंची हे एकटं कारण मी मानत नाही. मी स्वतः फ्लॅगस्टाफमध्ये, जवळपास तितक्याच उंचीवर, स्वच्छ बर्नरचे फ्रिज हिवाळाभर गॅसवर चालताना पाहिलेत. उंचीवर बंद पडतो तो बहुतेक वेळा खालीच आजारी असलेला बर्नर. खाली तो कसाबसा निभावून नेतो, वर हवा विरळ झाली की हात टेकतो. तुम्ही फीनिक्समध्ये गॅसवर चालवूनच पाहिलं नव्हतंत, त्यामुळे तो खाली किती बरा होता हे तुम्हालाही माहीत नाही. म्हणून रात्रीच्या परीक्षेनंतर दुसरी परीक्षा : घरासमोरच, सपाट जागी, वीज काढून, एक रात्र गॅसवर.

चालू करताना खालचं झाकण उघडून कान लावा. आधी व्हॉल्व्हचा 'टक्', मग ठिणगीचं टिक-टिक-टिक, मग ज्योत पेटल्याचा हलका 'भुस्स'. टिकटिक आहे पण भुस्स नाही, म्हणजे गॅस पोचत नाही किंवा ठिणगी चुकीच्या जागी पडतेय. टिकटिकच नाही, म्हणजे ठिणगीची वायर किंवा बोर्डाला मिळणारी वीज. पेटतो पण काही सेकंदांत विझतो, म्हणजे ज्योत ओळखणारी दांडी, तिची वायर किंवा घाणेरडी ज्योत. हे तीन आवाज ओळखता आले की अर्धं काम झालं. सिलिंडर नुकता बदलला असेल तर नळीत हवा भरलेली असते. आधी आतल्या शेगडीचा एक बर्नर पेटवून तो स्थिर जळेपर्यंत थांबा, मग फ्रिज चालू करा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर जास्त प्रवाह रोखणारी सुरक्षा आतून अडकते आणि फ्रिजला गॅस पुरतच नाही.

आता बर्नर. गॅस सिलिंडरवरून बंद, वीज काढलेली, बॅटरीची वायरही काढलेली, हे तिन्ही झाल्याशिवाय तिथे हात घालू नका. बर्नरवर पत्र्याची छोटी पेटी असते, एक-दोन स्क्रूंची. ती काढली की काय दिसतं हे मी तुम्हाला आत्ताच सांगू शकतो : गंजाचे पापुद्रे. बर्नरच्या वर धुराची उभी नळी आहे, तिच्या आतला गंज वर्षानुवर्षं खाली पडून बर्नरच्या चिरांवर बसतो. शिवाय कोळ्यांचं जाळं. अॅरिझोनात तर कुंभारमाश्या मातीचं घर बांधून ठेवतात. धुराच्या नळीत वरून तारेला टांगलेली पिळाची पट्टी असते. ती काढून नळी वरून लांब ब्रशने साफ करायची, पट्टी पुन्हा होती तितक्याच उंचीवर लावायची. ती जास्त खाली किंवा वर गेली तर उष्णता बॉयलरला लागण्याऐवजी छतातून निघून जाते. बर्नरच्या चिरा मऊ ब्रशने आणि दाबाच्या हवेने साफ करा, डोळ्यांवर चष्मा लावून.

जेट ही यातली सर्वांत नाजूक गोष्ट. त्याचं भोक केसाएवढं असतं. त्यात टाचणी किंवा तार कधीही घालू नका, भोक किंचित जरी मोठं झालं तरी ज्योत कायमची बिघडते. अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडवा, तसाच वाळू द्या. शंका असेल तर नवा जेट घ्या, पूर्ण दुरुस्तीच्या मानाने ती फार स्वस्त वस्तू आहे. ठिणगीची दांडी आणि बर्नर यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवा आणि तिच्या चिनीमातीच्या बाहीला तडा गेलाय का ते बघा. सगळं जोडल्यावर हात लावलेल्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासा. काडी पेटवून कधीही नाही. मग अंधार पडल्यावर ज्योत बघा : निळी, स्थिर, हलका एकसारखा आवाज करणारी हवी.

गॅसचं काम करताना हात थरथरत असतील, तर ते कुणा प्रमाणित तंत्रज्ञाकडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त त्याला "फ्रिज बघा" असं मोघम सांगू नका. "बर्नर, जेट आणि धुराची नळी साफ करा, आणि शेगडी व फर्नेस (गाडीतला गॅसचा हीटर) चालू असताना गॅसचा दाब मोजून आकडा लिहून द्या" असं सांगा. अमेरिकेतल्या आरव्हीत तो दाब पाण्याच्या स्तंभाचे ११ इंच असायला हवा. इतर काही चालू नसताना ११ येतो आणि फर्नेस पेटला की घसरतो, असा थकलेला रेग्युलेटर तेरा वर्षांच्या गाडीत मला वारंवार सापडतो.

फर्नेसचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर मी अडखळलो : "रात्री थंडी होती म्हणून हीटर लावून झोपलो, पहाटे चेकचा दिवा." मेमध्येही साउथ रिमच्या रात्री गारठवणाऱ्या असतात. फर्नेस गॅसवर जळतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो आणि तो भरपूर वीज ओढतो. फ्रिज गॅसवर असला तरी त्याच्या बोर्डाला १२ व्होल्टची बॅटरी लागतेच, व्हॉल्व्ह उघडा धरायला आणि ज्योतीवर नजर ठेवायला. बॅटरी जुनी असेल, कँपग्राउंडला वीज नाही, रात्रभर पंखा चालला, की पहाटे व्होल्टेज इतकं खाली येतं की बोर्ड हात वर करतो. लोक सकाळी उठून बॅटरी मोजतात. तोवर सूर्य वर आलेला असतो, फर्नेस बंद असतो, आणि मीटर १२ च्या वर दाखवतो, मग बॅटरी निर्दोष ठरते. मोजायचं ते फर्नेसचा पंखा चालू असताना, आणि बॅटरीवर नाही तर फ्रिजच्या मागे जिथे वायर बोर्डाला जोडली आहे तिथे. बॅटरीवर १२.४ आणि बोर्डावर १०.८ असं मी कितीदा पाहिलंय. मधला फरक गंजलेल्या अर्थच्या जोडाने खाल्लेला असतो. तो जोड घासून घट्ट केला की काम संपतं, एका पैशाचा भाग लागत नाही.

म्हणजे तुमच्या बाबतीत माझा संशय, क्रमाने : गंजाने भरलेला बर्नर उंचीवर हरला, किंवा फर्नेसमुळे बोर्डाची वीज पडली, किंवा दोन्ही एकाच रात्री. दोन्ही एकत्र असतील तर एक दुरुस्त करूनही दिवा पुन्हा लागेल आणि तुम्हाला वाटेल की युनिटच गेलंय. म्हणून एक सापडलं तरी दुसरं तपासाच.

आता त्या वर्कशॉपच्या दोन तासांच्या परीक्षेबद्दल. जूनमधली फीनिक्सची दुपार म्हणजे बाहेर ४० च्या वर, बंद गाडीच्या मागच्या कप्प्यात त्याहून जास्त. हा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा जोर लावू शकत नाही. तो मागच्या नळ्यांमधून उष्णता हवेत सोडतो, आणि ती हवाच तापलेली असली तर सोडणार कुठे? ३८ अंशांच्या वर बहुतेक चांगले फ्रिजही रडतात. त्यात गरम फ्रिज दोन तास चालवून पाहिला. गारपणाची सुरुवात जाणवायलाच चार-सहा तास लागतात, पूर्ण गार व्हायला रात्र, कधी चोवीस तास. त्यांनी जाणूनबुजून फसवलं असं मला म्हणायचं नाही, पण त्या परीक्षेतून युनिटबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दुपारचा त्रास कमी करता येतो. खालच्या झाकणातून हवा आत यायला हवी आणि छतावरच्या झाकणातून बाहेर जायला हवी, धुराड्यासारखी. छतावर चढून पक्ष्यांचं घरटं, पानं, काही अडकलंय का ते बघा. नळ्या आणि मागची भिंत यांच्यात मोठी पोकळी असेल तर हवा नळ्यांना न शिवता तिथूनच निघून जाते. ती पत्र्याच्या पट्टीने अरुंद केली आणि वर १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवला, तर माझ्या अनुभवात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पडतो. गाडी उभी करताना फ्रिजची बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. सहज सुटली तर तिथून गारवा जातोय.

आपल्या घरांत होणारी एक गोष्ट मी प्रत्येक मराठी कुटुंबाला सांगतो. वरणाचं पातेलं कोमट असतानाच आत ढकलू नका, आणि प्रत्येक कप्पा स्टीलच्या डब्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत भरू नका. आतल्या गार धातूच्या पंखांकडून हवा खाली उतरायला वाट हवी. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फ्रिज चालू करा आणि त्यात घरच्या फ्रिजमधून आधीच गार झालेल्या वस्तू ठेवा. पाणी आणि कोल्ड्रिंकसाठी वेगळा बर्फाचा कूलर घ्या, कारण दर दहा मिनिटांनी मुलं दार उघडतात ती त्याच्यासाठीच.

पुन्हा साउथ रिमला जाणार असाल, तर माथरऐवजी जवळच्या ट्रेलर व्हिलेजचा विचार करा, तिथे विजेची जोडणी मिळते. इन्व्हर्टर लावून बॅटरीवर फ्रिज विजेवर चालवायचा विचार मनात आला असेल तर हिशेब बघा : ३२५ वॅट म्हणजे १२ व्होल्टला २७ अँपिअर, इन्व्हर्टरची घट धरून तीसच्या आसपास. १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी दोन तासांच्या आत अर्ध्यावर येईल. ते जमणार नाही.

युनिट खरंच गेलेलं निघालं तर? काही जण जुना फ्रिज काढून उलटा करून ठेवायचा उपाय सांगतील. फार जुन्या फ्रिजांत त्याचा कधीकधी उपयोग झालाय. पण तिरक्या जागी तापून क्रोमेटचे खडे एकदा नळीत घट्ट बसले की उलटं करून ते सुटत नाहीत, आणि गळक्या युनिटला तर याचा काहीच उपयोग नाही. तेव्हा पुन्हा याच जातीचा फ्रिज घ्यायचा की १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरचा, हे तुम्ही कसे फिरता यावर आहे. छतावर सोलर आणि लिथियम बॅटरी असेल किंवा बसवणार असाल, तर अॅरिझोनाच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसरचा फ्रिज मी जास्त सुचवेन. पुण्यामुंबईकडे व्हॅन बांधणारे आपले लोक बहुतेक तोच बसवतात, आणि तिथल्या उकाड्याला ते योग्यच आहे. वीज नसलेल्या जागी आठवडाभर राहणारे असाल आणि बॅटरी वाढवायची नसेल, तर गॅसचा फ्रिज अजूनही चांगला. एक पक्कं लक्षात असू द्या : पेट्रोल भरायला पंपावर शिरण्याआधी तो गॅसवरून बंद करायचा, मागे उघडी ज्योत असते.

आता बाबांचं इन्सुलिन. फ्रिज दुरुस्त झाला तरी पहिल्या दोन सहलींत ते या फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि गोठलेलं अजिबात वापरायचं नसतं. या फ्रिजमध्ये मागच्या पंखांना टेकलेली वस्तू गोठू शकते, हे उलट टोकाचं संकट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. छोटा वेगळा कूलर, त्यात थर्मामीटर, आणि इन्सुलिन बर्फाला थेट न लागेल असं कापडात गुंडाळून. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालतं, पण प्रकाराप्रमाणे ते बदलतं. मेमधल्या सहलीत जे इन्सुलिन गरम झालं, त्याबद्दल औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला उद्याच विचारा, वापरत राहून बघू नका.

आज संध्याकाळी पेला ठेवा. सकाळचं पाण्याचं तापमान, फर्नेस चालू असताना फ्रिजच्या बोर्डावरचं व्होल्टेज, आणि झाकण उघडल्यावर दिसणाऱ्या बर्नरचा एक फोटो, एवढं मला पाठवा. फोटो काढताना पेटी काढण्याआधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन काढलेत तर पट्टी आणि दांडी कुठे होत्या हे परत जोडताना तुम्हालाही दिसेल.